विरंगुळ्याचा अधिकार

दिवाळी जवळ आली की वृद्धाश्रमांच्या दारी सेवाभावी मंडळांची रीघ लागते. फराळ वाटला जातो, शाळकरी मुले गाणी म्हणतात, छायाचित्रे निघतात आणि भाऊबीज सरली की आश्रमातील दुपार पुन्हा पूर्वीइतकीच लांब होते. मंडळांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा, आणि तो केवळ भावनेचा नसून कायद्याचाही आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी व कल्याणासाठी २००७ साली झालेल्या अधिनियमाच्या कलम १९मध्ये, वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाविषयी राज्य शासनाने आखावयाच्या योजनेत वैद्यकीय सेवेच्या जोडीने करमणुकीच्या साधनांचाही उल्लेख आहे. जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा आश्रम असावा, हेही त्याच कलमात आहे. मात्र दोन्ही ठिकाणी शासन हे 'करील' असे न म्हणता 'करू शकेल' असे म्हटले आहे. या एका क्रियापदाच्या आडोशाने उदासीनता सुखेनैव नांदू शकते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याहून स्पष्ट आहे. विरंगुळा, करमणूक, शिक्षण व धर्माचरण यांच्या वाजवी सोयी हा रुग्णाचा अधिकार असल्याचे त्याचे कलम २० सांगते. त्याच कलमानुसार रुग्णावर कामाची सक्ती करता येत नाही आणि त्याने काम केल्यास योग्य मोबदला द्यावा लागतो. उपचाराच्या नावाखाली मेणबत्त्या वा पिशव्या करवून घ्यायच्या आणि करणाऱ्याच्या हाती काहीच ठेवायचे नाही, हे या तरतुदीत बसत नाही. रुग्णाच्या संमतीविना त्याचे छायाचित्र प्रसारमाध्यमांना देण्यासही कलम २४ची मनाई आहे. रुग्णांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

हातांना काम देऊन मन व शरीर सावरण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या अधिनियमाने व्यवसायोपचारतज्ज्ञांबरोबरच कला व नृत्य यांद्वारे उपचार करणाऱ्यांनाही आपल्या सूचीत स्थान दिले. हौशी मंडळाचा कार्यक्रम आणि प्रशिक्षित व्यक्तीचा उपचार या भिन्न गोष्टी आहेत. दोहोंची गरज आहे, पण एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

शिवाय, अधिकार म्हणजे सक्ती नव्हे. ज्या आजोबांना टाळ हाती धरायचे नाहीत, खिडकीशी बसून वर्तमानपत्रच वाचायचे आहे, त्यांना ती मुभा असली पाहिजे. संस्थेच्या वेळापत्रकासाठी माणसे नसतात.

ज्येष्ठांच्या अधिनियमातील 'करू शकेल' हे 'करील' व्हावे, संस्थांची तपासणी करताना खाटा व स्वयंपाकघर यांबरोबरच निवासींचा दिवस कसा जातो हेही पाहिले जावे आणि मनोरुग्णालयांतील कामाच्या मोबदल्याचा हिशेब रुग्णाला पाहता यावा, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही. समाजाचा वाटाही यात आहे. दिवाळीला एकाच आश्रमात गर्दी करणाऱ्या दहा मंडळांनी वर्षातील दहा साधे बुधवार आपसांत वाटून घेतले, तर त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.