घोडा नखरे करत नाही, त्याला दुखतंय!

गेल्या रविवारी माथेरानला दस्तुरी नाक्यावर उभा होतो. घोडेवाला जीन टाकून तंग आवळत होता. घोड्याने कान मागे पाडले, शेपूट आपटली, मान वळवून दात काढले. घोडेवाल्याने तोंडावर एक ठेवून दिली. पर्यटक हसले. एक जण म्हणाला, "नखरे बघा साहेबांचे!"

मी गप्प बसलो. कारण हीच थोबाडीत मीही मारलेली आहे. वडिलांची कुम्मैत घोडी होती, सुट्टीत मी फेऱ्या मारायचो. तंग ओढला की ती पोट फुगवायची, चावायला यायची. मी मारायचो. एक दिवस वडिलांनी तंग सोडायला लावला आणि कोपरामागे हात फिरवायला सांगितला. केसांखाली कातडी सोललेली होती. लाल माती आणि घाम सुकून कडक झालेला पट्टा तिला रोज घासत होता, आणि मी तिला "खोडकर" म्हणत होतो.

तंगाला घोडा कुरकुरतो त्याची कारणं असतात. पट्ट्याखालची जखम. पाठीला न बसणारं जीन. आणि न दिसणारं कारण म्हणजे पोटातला अल्सर. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, पोट रिकामं असलं तरी. चारा चघळताना येणारी लाळ ते शमवते. उपाशी घोडा फेरीवर फेरी मारत राहिला, की जठर आतून सोलतं.

मग आमचे घोडेवाले बंधू म्हणतात, "धंदा करायचा की लाड?" अहो, हा लाड नाही, हेच भांडवल आहे! कामाआधी थोडा चारा द्या. पट्टा रोज धुवा. तंग एका झटक्यात ओढू नका. आधी सैल बांधा, चार पावलं चालवा, मग एकेक भोक वर घ्या. पुढचे पाय हळूच पुढे ओढून अडकलेली कातडी मोकळी करा. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. याला खर्च किती? पाच मिनिटं.

दुसरीकडे मुंबईत बसून "घोडे बंदच करा" म्हणणारे. घरं कशावर चालतात ते विचारून बघा एकदा. आणि बंदी आली तर तो घोडा जाणार कुठे, तेही सांगा.

कायदा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जखमेमुळे कामाला नालायक झालेलं जनावर कामाला लावणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये! यात धड वडापावही येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. परवान्याचं नूतनीकरण करताना कागद बघता ना? तंग सोडून कातडीही बघा. वर्षातून दोनदा पशुवैद्य नाक्यावर आणा. जखमी घोड्याला सुट्टी द्या आणि त्या दिवसांची भरपाई पर्यटन करातून मालकाला द्या. नाहीतर तो जखम लपवणारच, पोटासाठी.

आणि पर्यटकांनो, बसण्याआधी तंग बांधताना घोड्याचे कान बघा. मागे पडले तर हसू नका. "आधी पट्टा सोडून दाखवा" एवढंच म्हणा. गिऱ्हाईक बोललं की ऐकलं जातं. घोड्याचं कोणी ऐकत नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये भांडू.