वर्गात येण्याआधीची पाच वर्षे

निवासी शाळेच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या यशाचा आलेख असतो, आणि तो असावाच. मात्र या प्रसंगी, कोणत्याही गुणवत्ता यादीत न येणाऱ्या मुलाचाही विचार व्हावा, अशी माझी विनंती आहे. पाचवीत येऊनही त्याला जोडाक्षरे वाचता येत नाहीत. रात्रीच्या जेवणातील अर्धी पोळी तो उशीखाली लपवतो. कोणी मोठ्याने बोलले की अंग चोरतो, नाहीतर क्षुल्लक कारणावरून हात उगारतो. आपण त्याला 'मठ्ठ' किंवा 'हट्टी' म्हणून मोकळे होतो. हा निवाडा अन्यायाचा आहे.

हे मूल कोठून येते, ते आधी पाहू. कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड परिसरातील वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पाड्यावर परततात. आईवडील पहाटेपासून चिखलात राबत असतात. तान्हे मूल झोळीत असते आणि त्याला सांभाळणारी बहीण स्वतःच सहा-सात वर्षांची असते. ठाणे-डोंबिवलीच्या वस्त्यांत चार घरची कामे करणाऱ्या आईचीही ओढाताण याहून फार निराळी नाही. येथे मायेची उणीव नसते; उणीव असते ती वेळेची, अन्नाची आणि निर्धास्तपणाची.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुलाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकार गाठतो. या काळात मूल हुंकार देते आणि मोठे माणूस त्याला प्रतिसाद देते. या साध्या देवाणघेवाणीतून भाषा, एकाग्रता आणि माणसांवरील विश्वास घडत जातो. भूक आणि भीती सततची असेल व धीर देणारे कोणी जवळ नसेल, तर शरीर कायम सावध राहण्यास शिकते. अशा मुलाचे लक्ष फळ्यावर ठरत नाही. हीच अस्वस्थता पुढे चिंता, नैराश्य किंवा व्यसनाच्या रूपाने डोके वर काढू शकते.

परंतु हे काही विधिलिखित नव्हे. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे आठवड्यातून एक तास जात. घरगुती खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे त्या आईला दाखवत. सतराव्या-अठराव्या वर्षी या मुलांमध्ये चिंता व नैराश्य इतरांपेक्षा कमी आढळले, वाचन सरस आढळले. बाविसाव्या वर्षी त्यांची कमाईही सुमारे २५ टक्के अधिक होती. ज्यांना केवळ पूरक आहार मिळाला, त्यांच्यात मात्र हा लाभ टिकलेला दिसला नाही. अन्न अत्यावश्यक आहेच, पण मुलाला माणूसही हवे असते.

आपल्या भागाला हे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस आरंभिलेले बालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये कोसबाडला नेले; हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यांच्या अंगणात नेली. १९७५ पासून देशभर उभ्या राहिलेल्या अंगणवाड्यांमागे ही दृष्टी आहे. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने भट्टीवरील मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या, त्याही याच वाटेवरच्या.

म्हणून दोन सूचना मांडतो. पहिली आपल्या वसतिगृहासाठी. प्रत्येक लहान मुलामागे वर्षानुवर्षे टिकणारे एक आपुलकीचे माणूस असावे. मार आणि चारचौघांतील अपमान पूर्ण बंद व्हावा. मूल जेथे अडले असेल तेथून त्याला शिकवावे आणि गरज पडल्यास समुपदेशकाची मदत संकोच न करता घ्यावी. दुसरी माजी विद्यार्थ्यांसाठी. आपल्या वस्तीतील अंगणवाडीला किंवा जवळच्या भट्टीला, सेविकाताईंच्या आणि पालकांच्या संमतीने, आठवड्यातून एक तास द्यावा. गाणी, गोष्टी आणि चिंध्यांच्या बाहुल्या एवढी सामग्री पुरेशी आहे.

१९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हा शाळेपर्यंत पोहोचलेल्या मुलांना छप्पर देण्याची निकड होती. त्या छपराखाली आपण घडलो. आता आपली मैत्री आणि करुणा शाळेच्या दारापाशी वाट पाहत न थांबता भट्टीवरच्या झोळीपर्यंत गेली पाहिजे.