फुकटचे सॉफ्टवेअर आणि टीकेची रीत

व्यापारात तक्रारीला मान आहे. माल खराब निघाला की गिऱ्हाईक सुनावते आणि दुकानदार ऐकून घेतो, कारण त्याने पैसे मोजून घेतलेले असतात. पण ज्याने एक पैसाही घेतलेला नाही, त्याला कोणत्या तोंडाने सुनवावे? ओपन सोर्स सॉफ्टवेअरबाबत हा प्रश्न गंभीर झाला आहे.

ओपन सोर्स म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी असे सॉफ्टवेअर. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. त्या गाभ्याचे बरेचसे काम आज कंपन्यांचे पगारी लोक करतात. मात्र त्याच्या सोबतीने लागणारे कितीतरी लहान भाग एकेकटे स्वयंसेवक फावल्या वेळात सांभाळतात.

फाइली दाबून लहान करणारे 'एक्स-झेड' हे असेच एक साधन. फिनलंडमधील एक गृहस्थ ते विनामोबदला सांभाळत. २०२२ मध्ये काही जणांनी त्यांच्यामागे तगादा लावला की उशीर होतो, झेपत नसेल तर काम दुसऱ्याकडे द्या. आपली तब्येत ठीक नाही, हे बिनपगारी हौसेचे काम आहे, असे त्यांनी सांगून पाहिले. पुढे मदतीला आलेल्या 'जिया टॅन' नावाच्या व्यक्तीच्या हाती अधिकार गेले आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील दोन आवृत्त्यांत त्याच नावाने चोरदरवाजा बसवला गेला. तगादा लावणारेही त्याच कटातले असावेत, असा जाणकारांचा संशय आहे.

ही चोरी पकडली तीही एका चिकित्सकानेच. मायक्रोसॉफ्टमधील आन्द्रेस फ्रॉइंड यांना दुसऱ्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्यांनी कोणाला दूषणे दिली नाहीत. कारण शोधले, पुरावा जमवला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो जाहीर केला. तगाद्याने राबणाऱ्याचा धीर खचला. तपासाने माल वाचला. आपण मात्र दोन्हींना टीकाच म्हणतो.

कडक बोलल्याशिवाय दर्जा राहत नाही, असे काही जण म्हणतील. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांचा लौकिकही कडक बोलण्याचाच होता. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे ते कामापासून दूर राहिले. त्यानंतरही लिनक्सच्या नव्या आवृत्त्या येतच राहिल्या. निकृष्ट संहिता जरूर परत करावी. त्यासाठी लिहिणाऱ्याची अब्रू काढावी लागत नाही.

गोड बोलण्यानेही सारे भागत नाही. २०१४ मध्ये ओपन-एसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' हा दोष सापडला. इंटरनेटवरचे अर्धेअधिक व्यवहार ज्याच्या भरवशावर चालत, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती, हे तेव्हा जगाला कळले.

म्हणून आमचे म्हणणे असे की टीका थांबवू नये, तिची रीत सुधारावी. दोष कळवताना आवृत्ती कोणती, काय केले आणि काय झाले, हे नेमके लिहावे. जमत असेल त्याने दुरुस्तीही पाठवावी. आणि या सॉफ्टवेअरवर ज्यांचा धंदा उभा आहे, त्यांनी नफ्यातला थोडा हिस्सा राबणाऱ्यांपर्यंत पोहोचवावा. फुकट मिळते म्हणून ते फुकटात तयार होते, असे नाही.