सर्व्हर विंडोजवरून लिनक्सवर : खरी अडचण जुन्या फॉन्टची

नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळ या पट्ट्यातली छोटी कार्यालयं पाहिली की चित्र साधारण सारखंच दिसतं. कर सल्लागार असो, पतसंस्था असो की मशिदीचा ट्रस्ट, आतल्या खोलीत एक सर्व्हर आणि बाहेर चार-सहा जुने कॉम्प्युटर. सगळे रिमोट डेस्कटॉपने त्या एकाच सर्व्हरवर काम करतात. आता प्रश्न आहे, हा सर्व्हर विंडोजवरच ठेवायचा की लिनक्सवर न्यायचा?

प्रश्न आत्ताच का?

विंडोज सर्व्हर २०१२ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १० ऑक्टोबर २०२३ ला थांबले, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७ ला संपते. नवीन घ्यायचं तर सर्व्हरचं लायसन्स वेगळं आणि रिमोट डेस्कटॉप वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचं किंवा मशीनचं वेगळं. ते न घेतल्यास १२० दिवसांनी अडवणूक सुरू होते. मग कुणीतरी ‘करून देणारा’ बोलावला जातो आणि क्रॅक टाकला जातो. लोकांचे हिशोब, आधार कार्डं, वक्फचे कागद ही आपल्याकडची अमानत आहे. चोरीच्या कुलपात अमानत ठेवणं कोणत्या इमानदारीत बसतं?

पैशांपलीकडेही एक मुद्दा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर सेवा परत मिळाल्या. छोट्या कार्यालयाला कोर्टाची पायरी चढणं परवडेल का?

सोपं काय, अवघड काय

सर्व्हर बदलणं वाटतं तितकं अवघड नाही. लिनक्सवर एक्सआरडीपी हा मोफत प्रोग्राम टाकला की बाहेरच्या कॉम्प्युटरवरून त्याच जुन्या रिमोट डेस्कटॉपने आत जाता येतं. लिबरऑफिस आणि फायरफॉक्सवर पत्रव्यवहार, तक्ते आणि बहुतेक सरकारी पोर्टल चालतात. प्रिंटर आणि डिजिटल सहीची टोकन मात्र आधी जोडून तपासावीत. टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे, तिच्यासाठी एक अधिकृत विंडोज मशीन बाजूला ठेवावं.

खरी गाठ दुसरीकडेच आहे. आपली वीस वर्षांची मराठी पत्रं श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत आणि उर्दू इश्तेहार, निकाहनाम्यांचे नमुने जुन्या इनपेजमध्ये. तो फॉन्ट किंवा तो प्रोग्राम नसला की मजकुराचा नुसता कचरा दिसतो. आम्हाला वाटतं, आपल्याला बांधून ठेवलंय ते विंडोजपेक्षा या फायलींनीच. युनिकोडमध्ये आणलेला मजकूर विंडोज, लिनक्स, मोबाइल, सगळीकडे वाचता येतो. त्यामुळे लिनक्सवर जा किंवा जाऊ नका, हे काम करावंच लागेल.

इतरांचा अनुभव

केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षांपासून लिनक्सवर शिकवतात, कारण तिथे आधी शिक्षकांना तयार केलं गेलं. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचं ठरवलं. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, बाहेरच्यांशी फायलींची देवघेव आणि राजकारण, तिन्ही नडलं. त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी कॉम्प्युटर लिबरऑफिस आणि लिनक्सवर नेण्याचं जाहीर केलं. म्हणजे यश-अपयश सॉफ्टवेअरइतकंच माणसांच्या तयारीवर ठरतं.

काय करावं?

घाई नको. आधी आहे त्याच विंडोजवर लिबरऑफिस आणि युनिकोडची सवय लावा. जुन्या फायली थोड्याथोड्या बदलून घ्या. मग एका जुन्या मशीनवर लिनक्स टाकून दोघांना महिनाभर काम करू द्या. त्यांची तक्रार संपली की बाकीच्यांना न्या. परिसरात लिनक्स दुरुस्त करणारा माणूस आहे का, हेही आधीच पाहा. आपल्यातल्या कॉम्प्युटर शिकलेल्या मुलामुलींना हे काम शिकवलं तर त्यांनाही गावातच रोजगार मिळेल.

शेवटची गोष्ट वाडीकरांना सांगायला नकोच. २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिलाय. कृष्णा-पंचगंगेचं पाणी विंडोज आणि लिनक्स असा भेद करत नाही. सर्व्हर वरच्या मजल्यावर न्या आणि बॅकअपची एक प्रत, कुलूपबंद करून, गावाबाहेर ठेवा. ते काम या पावसाळ्याआधीच व्हायला हवं.