माथेरानची गाडी : वारसा इंजिनात असतो की वाटेत? (धागा)

१/ जुनी रेल्वे ‘पुनरुज्जीवित’ करायची म्हणजे नेमके काय करायचे? वाफेचे इंजिन परत आणायचे, जुन्या धर्तीचे डबे बांधायचे, की ती गाडी जे काम करीत होती ते काम चालू ठेवायचे? नेरळ–माथेरान मार्गाच्या निमित्ताने हा प्रश्न तपासू. मत प्रारंभीच नोंदवतो : घाटातली संपूर्ण वाट चालती ठेवणे हाच खरा वारसा, बाकी बहुतेक गोष्टींत तडजोड चालेल.

२/ आधी इतिहास. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे १८५० मध्ये माथेरान इंग्रजांच्या नजरेत आले. नेरळपर्यंत आगगाडी पोहोचली, तरी पुढचा डोंगर चढण्यास घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय एवढेच उपाय होते. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी भांडवल उभे केले आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधून घेतला. खर्च सुमारे सोळा लाख रुपये.

३/ रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, लांबी सुमारे वीस किलोमीटर आणि काही ठिकाणी चढ असा की वीस फूट पुढे जाताना एक फूट वर चढावे. वळणे इतकी तीव्र की साधे इंजिन तेथे अडकून बसेल. म्हणून जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून खास इंजिने आणली गेली. त्यांचे पुढचे व मागचे आस वळणावर किंचित तिरके होऊ शकत.

४/ येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हा मार्ग सरकारने किंवा संस्थानिकाने हौसेखातर बांधलेला नव्हता. खाजगी भांडवलावर, तिकिटाच्या उत्पन्नाची आशा धरून तो उभा राहिला. तेव्हा ‘धंदा शिरला आणि वारसा बाटला’ ही तक्रार येथे टिकत नाही. धंदा पहिल्या दिवसापासून होताच.

५/ मग अस्सलपणा कोणत्या वर्षाचा धरायचा? १९०७ चा धरला, तर वाफेचे इंजिन हवे. पण १९५० च्या दशकात येथे डिझेल इंजिने आली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी वाफेची इंजिने निवृत्त झाली. चार मूळ इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचे तर इंग्लंडला पोहोचले. आज साठीकडे झुकलेल्या माथेरानकराच्या आठवणीतली गाडी बव्हंशी डिझेलचीच आहे. ती खोटी कशी म्हणावी?

६/ वारसाविषयक जगात या पेचावर बराच विचार झाला आहे. १९९४ च्या ‘नारा दस्तऐवजा’ने अस्सलपणाची कसोटी केवळ मूळ साहित्यापुरती ठेवली नाही. रचना, परंपरा, परिसर आणि त्याबरोबरच वापर व कार्य यांनाही तीत स्थान दिले. रेल्वेला ही कसोटी लावली की चित्र पालटते. थांबलेली रेल्वे म्हणजे अर्धा वारसा.

७/ निलगिरीचे उदाहरण पाहा. मेट्टुपाळयम ते कुन्नूर या टप्प्यात दातेरी रुळांवर वाफेचे इंजिन आजही गाडी ढकलते. जुनी इंजिने थकली, तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात त्याच धाटणीची नवी इंजिने बांधण्यात आली, आणि तीही कोळशाऐवजी तेलावर चालणारी. लोखंड नवे, इंधन नवे; पण काम तेच आणि ते करणारी विद्याही जिवंत. युनेस्कोचा २००५ चा जागतिक वारसा दर्जा त्यामुळे बाधित झाला नाही.

८/ दार्जिलिंगने दुसरी वाट धरली. दार्जिलिंग–घूम या छोट्या टप्प्यात वाफेच्या गाडीच्या सहली, तर न्यू जलपाईगुडीपासूनच्या लांब प्रवासाला डिझेल. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही. माझ्या मते ही प्रामाणिक तडजोड आहे, कारण प्रवाशाला कोणी फसवत नाही.

९/ याउलट, २०२३ मध्ये अहमदाबाद–एकता नगर मार्गावर ‘हेरिटेज’ गाडी सुरू झाली. तिच्या विजेच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनाचे रूप दिले आहे. पर्यटकांची गाडी म्हणून तिला आक्षेप नाही. परंतु हा वेश आहे, जतन नव्हे. ऐतिहासिक मार्गावर असा वेश चढवून ‘वारसा जपला’ म्हणणे ही इतिहासप्रेमींची दिशाभूल ठरेल.

१०/ आता माथेरानची खरी परीक्षा. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग उद्ध्वस्त केला. गाडी धावली २००७ मध्ये. मे २०१६ मध्ये डबे घसरले. नेरळपासूनची सेवा परतली २०१८ मध्ये. २०१९ च्या पावसात पुन्हा रूळ वाहून गेले. पूर्ण मार्ग सुरू झाला ऑक्टोबर २०२२ मध्ये. शेवटच्या दोन्ही खेपांना अमन लॉज–माथेरान ही जेमतेम तीन किलोमीटरांची शटल मात्र आधी सुरू झाली.

११/ यामागचे गणित उघड आहे. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी असल्याने शटलला प्रवासी हमखास मिळतात. खालच्या टप्प्यात मात्र दोन-अडीच तासांच्या गाडीची स्पर्धा अर्ध्या तासात दस्तुरी गाठणाऱ्या टॅक्सीशी. दरडी, वाहून जाणारी खडी आणि दर पावसाळ्यातली बंदी याच भागात. निव्वळ हिशेबनीस विचारील : शटल पुरेशी असताना घाट कशाला सांभाळायचा?

१२/ धोका नेमका येथे आहे. वारसा एका फटक्यात मरत नाही. नफ्याचा तुकडा ठेवून उरलेला हळूहळू विस्मरणात जातो. घाट गेला, तर डोंगर चढणारी रेल्वे गेली. मागे उरेल ती बागेतली गाडी.

१३/ म्हणून तीन याद्या कराव्यात.
अढळ : मूळ आखणी, दोन फुटी मार्ग, नेरळ ते माथेरान सलग सेवा.
बदलण्याजोगे : ब्रेक, स्लीपर, संरक्षक भिंती, पाण्याचा निचरा. सुरक्षिततेसाठी येथे नवे तंत्र निःसंकोच वापरावे.
विकण्याजोगे : वातानुकूलित डबा, विशेष फेऱ्या, स्थानकांवरील उपाहारगृहे. येथे दर खुशाल चढे असावेत. स्थानिकांचे तिकीट मात्र स्वस्तच राहावे.
आणि शटलची मिळकत घाटाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावी.

१४/ ‘प्रत्येक जुनी रेल्वे अशीच जपायची काय?’ नाही. १८९७ मध्ये सुरू झालेला एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग पुढे रुंद झाला. हळहळ वाटते, पण लातूर–पंढरपूरच्या लोकांना जलद गाडी हवी होती आणि तो निर्णय योग्यच होता. माथेरानला ही अडचण नाही. २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेथे रस्ता रुंद करण्यापेक्षा आहे ती रेल्वे सांभाळणे शहाणपणाचे.

१५/ आपल्या हाती काय? पावसाळा सरल्यावर माथेरानला जाल तेव्हा टॅक्सी सोडून नेरळहून तिकीट काढा. जुम्मापट्टी, वॉटर पाइप ही स्थानके खिडकीतून पाहा. घाटातल्या डब्यांतली भरलेली आसने हा हिशेबनिसाला समजणारा एकमेव युक्तिवाद आहे.

तुमच्या तिन्ही याद्यांत काय काय असेल, ते खाली अवश्य लिहा.