मदरबोर्ड गेला म्हणे!

गेल्या जूनमध्ये खोडाळ्यात विजांसह पहिला पाऊस झाला, दिवे तीन-चार वेळा गेले-आले आणि आमच्या घरचा जुना संगणक कायमचा गप्प झाला. प्रकल्पासाठी आजीकडून ऐकून उतरवलेली गाणी त्यातच अडकली. दुकानदाराने वरवर पाहून निकाल दिला, "मदरबोर्ड गेला, नवाच घ्या." वडील भाताच्या खतासाठी ठेवलेले पैसे काढायला निघाले, तेव्हा मात्र मला लाज वाटली. तर्कशास्त्राच्या तासाला पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये असे घोकणारे आपण, यंत्रापुढे आलो की मुकाट्याने मान डोलावतो!

संगणकाला २३० व्होल्ट थेट चालत नाहीत. एस.एम.पी.एस. नावाचा पत्र्याचा डबा त्याचे १२, ५ व ३.३ व्होल्ट करून देतो, आणि विजेच्या लहरीचा पहिला फटका बहुधा त्यालाच बसतो. मी आधी त्याच खटक्यावर टेबलफॅन लावला, चालला. वायर बदलली, फरक नाही. मग प्लग काढून डब्याच्या साऱ्या जोडण्या सोडवल्या, २४ टोकांच्या जोडणीतली हिरवी तार एका काळ्या तारेशी कागदाच्या पिनेने जोडली आणि नंतरच खटका दाबला. डब्याचा पंखा ढिम्म हलला नाही. तरीही खात्री हवी म्हणून शेजारच्या काकांच्या चालू संगणकाचा डबा तासभर मागून आणला. आमचा संगणक सुरू झाला, गाणीही शाबूत! (मेलेला डबा उघडण्याची हौस मात्र कोणी करू नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ घातक भार राहतो.)

नाशिकहून तेवढ्याच वॉटचा डबा आणला, चार स्क्रू पिळले. खताचे पैसे शेतातच गेले.

काही प्राध्यापक म्हणतील, हे काम आय.टी.आय.चे. दुरुस्ती त्यांची, मान्य. परंतु "कशावरून?" हा प्रश्न तर आमचा ना? दुकानदार लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याला कोणी विचारलेच नव्हते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, कला शाखेलाही वर्षातून एक दुपार अशा तपासणीसाठी मिळावी. आमचा मोडका डबा मी जपून ठेवला आहे. तास ठरला तर घेऊन येईन.