समुद्रतळाशी सत्तर सेंटिमीटर

तामार क्षेत्राचा नैसर्गिक वायू अश्दोद येथे किनाऱ्यास लागतो, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहेच. हैफाच्या पश्चिमेस सुमारे ९० किलोमीटरवर, सुमारे १,७०० मीटर खोल पाण्याखाली त्याच्या विहिरी आहेत. मार्च २०१३ पासून तेथील वायू सुमारे १५० किलोमीटर लांबीच्या नळांतून अश्कलोनसमोरील प्लॅटफॉर्मवर येतो. इतक्या खोलीवर पाणबुड्या उतरू शकत नाही. सांधे यंत्राच्या हातांनीच जुळवावे लागतात. अशा ठिकाणी विहिरीचे तोंड व नळाचे तोंड यांमधील पोलादी जोडनळ किती लांब करावा?

जहाजावरून सोडलेले अवजड सामान ठरल्या जागेपासून थोडे सरकते, चिखलात किंचित कलते. तेवढी मुभा, म्हणजेच टॉलरन्स, आराखड्यात धरलेली असते. म्हणून जोडनळ सहसा आधी पुरा करीत नाहीत. दोन्ही तोंडे स्थिरावल्यावर अंतर व कल मोजून, त्या मापाने नळ जमिनीवर कापून वेल्ड करतात. त्यास मुद्दाम वळणे ठेवतात. उरलीसुरली चूक ती लवून पोटात घेतात. त्याहून अधिक चूक बळेच दाबून बसविली, तर सांध्यावर कायमचा ताण राहतो.

या चुकांची बेरीज कशी करावयाची? मोजणीत ३० मिलिमीटर व वेल्डिंगमध्ये ४० मिलिमीटर चूक संभवते असे धरू. सरळ बेरीज ७०. परंतु दोन्ही चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम, एकाच दिशेस, पुरेपूर घडण्याचा संभव अल्प. म्हणून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. उत्तर येते ५०. हा तर पायथागोरसचाच त्रिकोण! आम्हां शिक्षकांस अशी भेट सुखावते.

घात होतो तो ‘स्वतंत्र’ हा शब्द विसरल्याने. तळाशी अंतर पुष्कळदा ध्वनीने मोजतात. महासागरात या खोलीवर पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअस असते व ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १,५०० मीटर. आपल्या पूर्व भूमध्य समुद्राचे खोल पाणी सुमारे १४ अंश, शिवाय अधिक खारट. तेथे वेग १,५३५ च्या आसपास. पुस्तकी आकडा धरल्यास ३० मीटरांचे अंतर सुमारे ७० सेंटिमीटर कमी भरेल, आणि शंभरदा मोजले तरी तितकेच कमी! येथे वर्गमूळ कामास येत नाही. यास्तव ध्वनीचा वेग प्रथम जागेवरच मोजतात, आणि शक्य तेथे ताणलेल्या तारेने अंतर पुन्हा पडताळतात. पाणी उबदार असो वा खारट, तारेच्या मापात त्याने असा फरक पडत नाही.